पुढे काय झालं तिचं?

हिमा दासची टाम्परेतली शर्यत मी किती वेळा पाहिली, याचा हिशेब नाही. कुणी खेळांबद्दल बोलायला लागलं की माझा हात आपसूक फोनकडे जातो आणि मी म्हणते, थांबा, एक मिनिट द्या, एवढं बघाच. मिनिटसुद्धा लागत नाही. १२ जुलै २०१८, फिनलंडमधलं टाम्परे, वीस वर्षांखालच्या खेळाडूंची जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा, मुलींच्या ४०० मीटर शर्यतीची अंतिम फेरी. समोरचा माणूस बघायला लागतो. शेवटचं वळण संपतं तशी त्याची पाठ ताठ होते. शर्यत संपताना तोंडून ‘अरे!’ निघतं. आणि फोन माझ्या हातात परत देताना तो विचारतो, ‘पुढे काय झालं तिचं?’

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट तिच्याविषयी जिव्हाळा वाटला म्हणूनच तो विचारतो. तरी दर वेळी मला कुठेतरी टोचतं. आत्ता जे पाहिलंस ते पुरलं नाही का, असं विचारावंसं वाटतं.

हिमा चौथ्या लेनमध्ये होती. चारशे मीटरला आठही जणी वेगवेगळ्या जागांवरून सुटतात. बाहेरच्या लेनचं वळण मोठं, म्हणून तिथली मुलगी पुढून निघते. त्यामुळे बराच वेळ नक्की पुढे कोण आहे, हे पाहणाऱ्याला नीट कळत नाही. खरं चित्र उघड होतं ते शेवटच्या सरळ पट्ट्यावर. तिथे रुमानियाची आंद्रेया मिक्लोश पुढे होती आणि हिमा मागे. पदक दूर आहे असं वाटावं, इतकी मागे. मग ती येऊ लागते. एकीला गाठते, दुसरीला गाठते. कॅमेरा समोरून असल्यामुळे आधी ती जवळ आल्याचं कळतच नाही आणि अचानक ती सगळ्यांच्या बरोबरीला दिसते. ५१.४६ सेकंद. मिक्लोश ५२.०७, अमेरिकेची टेलर मॅन्सन ५२.२८. ट्रॅकवरच्या शर्यतीत, कोणत्याही वयोगटात, जागतिक स्पर्धेतलं भारताचं हे पहिलं सुवर्णपदक.

पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये तिनं वेग वाढवला. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. पण चारशे मीटरच्या शेवटी वेग वाढवता येत नाही. जगातल्या उत्तमातल्या उत्तम धावपटूलाही नाही. पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये वेग शिखरावर पोचतो आणि तिथून पुढे तो उतरतच जातो. शेवटच्या सरळ पट्ट्यावर सगळ्यांच्याच स्नायूंनी असहकार पुकारलेला असतो. मांड्या जड होतात, हात वर उचलले जाईनात, मान मागे ओढली जाते. आठही जणी मंदावत असतात. त्यांच्यात जी सगळ्यांत कमी मंदावते, ती आपल्याला झेपावल्यासारखी दिसते. हिमा त्या दिवशी तशी टिकून राहिली. हे समजल्यावर शर्यतीतली जादू कमी होईल अशी मला भीती होती. झालं उलटंच. आता मी ती पाहते तेव्हा मला तिची झेप दिसत नाही, तिनं धरून ठेवलेलं काहीतरी दिसतं, आणि माझ्याच मुठी आवळल्या जातात.

मुठी आवळण्याला कारण आहे. सतरा ते एकोणीस या वयात मीही चारशे मीटर धावत होते. बासष्ट सेकंदांच्या खाली कधी आले नाही. एकदा मी कागदावर गणित मांडलं. बासष्ट सेकंदांच्या माझ्या सरासरी वेगानं ५१.४६ सेकंदांत ३३२ मीटर होतात. म्हणजे टाम्परेच्या त्या शर्यतीत नववी लेन काढून मला उभं केलं असतं, तर हिमानं रेषा ओलांडली तेव्हा मी तिच्या अडुसष्ट मीटर मागे, सरळ पट्ट्याच्या तोंडाशी असते. ते अंतर माझ्या चांगलं ओळखीचं आहे. ते पायांना माहीत आहे. तेवढ्या अडुसष्ट मीटरमध्ये काय काय होतं, माणूस किती वेळा थांबायचं ठरवतो आणि थांबत नाही, हे मी सांगू शकते. म्हणूनच तिचं मोठेपण मला आकड्यात नाही, शरीरात कळतं.

शर्यत संपल्यावर तिच्या खांद्यावर तिरंगा आला आणि गळ्यात गामोसा, आसामचा पारंपरिक पंचा. पदक घेताना राष्ट्रगीत सुरू झालं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नगाव जिल्ह्यातल्या धिंगची, भातशेती करणाऱ्या घरातली, शेतात मुलांबरोबर फुटबॉल खेळता खेळता धावायला लागलेली मुलगी. उपांत्य फेरीनंतर तिच्या इंग्रजीवर शेरा मारला गेला होता. नंतर त्याबद्दल माफीही मागितली गेली. अठरा वर्षांच्या मुलीनं त्या आठवड्यात काय काय पेललं असेल!

आदल्याच दिवशी त्याच ट्रॅकवर आणखी एक शर्यत झाली होती. तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे थोडी थांबते. मुलांची शंभर मीटर अंतिम शर्यत. सगळ्यांचं लक्ष अमेरिकेच्या दोघांवर. आठव्या, म्हणजे अगदी बाहेरच्या लेनमध्ये इंडोनेशियाचा लालू मुहम्मद झोहरी. लोम्बोक बेटावरचा, आईवडील दोघंही गेलेले. शंभर मीटरमध्ये इंडोनेशियाचा मुलगा जिंकेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो १०.१८ सेकंदांत जिंकला, दोघेही अमेरिकी १०.२२. आणि मग एक दृश्य आहे. अमेरिकी मुलांच्या खांद्यांवर झेंडे आलेत, आणि जिंकलेला झोहरी नुसताच उभा आहे. त्याच्यासाठी झेंडा घेऊन कुणी धावत आलेलं नाही. थोड्या वेळानं झेंडा आला. पण मधला तो वेळ मला फार आवडतो. काहीही न पांघरलेला, नुसता जिंकलेला मुलगा.

‘पुढे काय झालं’ हे त्याच्याबद्दलही विचारता येईल. पुढच्या वर्षी तो १०.०३ धावला. टोकियो ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीपलीकडे जाऊ शकला नाही. हिमाचं म्हणाल तर टाम्परेनंतर दीडच महिन्यानं जकार्ताच्या आशियाई खेळांत तिनं ५०.७९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून रौप्य मिळवलं, रिलेचीही पदकं आली. मग पाठीच्या दुखण्यानं तिला धरलं. २०१९च्या दोहा विश्वस्पर्धेतून तिला माघार घ्यावी लागली. आसाम पोलिसांत ती उपअधीक्षक झाली. ऑलिंपिक तिच्या वाट्याला आलं नाही. एवढं सांगितलं की ऐकणारा ‘अच्छा’ म्हणतो. त्या ‘अच्छा’मध्ये आवाज जरासा खाली जातो. मला तो आवाज सहन होत नाही.

कनिष्ठ गटातल्या यशाकडे आपण बयाण्यासारखं बघतो. खरेदीखत व्हायचं ते ऑलिंपिकमध्ये, इथे नुसती विसाराची रक्कम दिली. व्यवहार पुढे पूर्ण झाला नाही की बयाणा बुडाला म्हणून मोकळे. पण त्या दिवशी टाम्परेत जे झालं ते पुरतं झालं होतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या जगातल्या सगळ्या मुलींमध्ये त्या संध्याकाळी चारशे मीटर सगळ्यांत वेगानं पार करणारी मुलगी ती होती. या वाक्यात पुढची कोणतीही दुखापत, कोणताही निकाल काही बदल करू शकत नाही.

हे मी इतक्या हट्टानं का लिहिते आहे, तेही सांगते. एकोणिसाव्या वर्षी माझ्या प्रशिक्षकांनी मला शांतपणे सांगितलं की तुझं पुढे काही होणार नाही, अभ्यासाकडे लक्ष दे. ते चुकीचं सांगत नव्हते. मी स्पाइक्स, म्हणजे धावण्याचे खिळ्यांचे बूट, धुतले, वाळवले, देऊन टाकले. पण त्याबरोबर मी आणखी एक गोष्ट केली, आणि तिचं मला आजही वाईट वाटतं. वेळा लिहून ठेवलेली माझी वही होती. ती मी वर्षानुवर्षं उघडली नाही. पुढे काही झालं नाही म्हणून मागचं सगळं फुकट गेलं, असं मी माझ्या मनाशी धरून बसले. पहाटेचा ओला ट्रॅक, पहिल्यांदा चौसष्टच्या खाली आले तो दिवस, रेषेपलीकडे गवतात आडवं पडून दिसलेलं गरगरणारं आभाळ, हे सगळं मी तोट्याच्या खात्यात टाकलं. ती वही मी परत उघडली ती टाम्परेची शर्यत पाहिल्यानंतर.

ही स्पर्धा सुरू झाली १९८६ मध्ये, अथेन्सला. तेव्हा तिला जागतिक कनिष्ठ स्पर्धा म्हणत, आता वीस वर्षांखालील म्हणतात. साधारण दोन वर्षांनी भरते. पहिल्याच वर्षी उंच उडीत क्युबाचा हाविएर सोतोमायोर जिंकला होता आणि ११० मीटर अडथळ्यांत ब्रिटनचा कॉलिन जॅक्सन. दोघंही पुढे विश्वविक्रमवीर झाले, त्यामुळे ‘इथे उद्याचे तारे दिसतात’ हे वाक्य स्पर्धेला जन्मापासूनच चिकटलं असावं.

वयाचा नियम साधा आणि निष्ठुर आहे. स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला तुमची वीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. टाम्परेच्या वेळी १ जानेवारी १९९९ रोजी जन्मलेली मुलगी चालत होती आणि तिच्या आदल्या रात्री जन्मलेली चालत नव्हती. त्यात दोन वर्षांनी एकदाचा फेरा. कुणाचं शेवटचं वर्ष नेमकं स्पर्धेच्या वर्षी येतं, कुणाचं रिकाम्या वर्षी. कोविडनं तर कहरच केला. २०२०ची नैरोबीतली स्पर्धा २०२१च्या ऑगस्टवर गेली, आणि २००१ साली जन्मलेली सगळी मुलं एका फटक्यात बाद झाली. मोठ्यांचं ऑलिंपिकही वर्षभर पुढे गेलं, पण मोठ्यांचं वय कुणी मोजत नव्हतं. या मुलांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. पात्रतेच्या वेळा नोंदवल्या होत्या, घरातल्या घरात व्यायाम करत ती दिवस काढत होती, आणि कॅलेंडरचं पान उलटलं. त्यांची नावं कुठल्याही निकालपत्रकात नाहीत. पराभवाचंसुद्धा पत्रक असतं, यांना तेही मिळालं नाही.

कॅलेंडरचा आणखी एक फटका आपण सगळ्यांनी पाहिला आहे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकसाठी भालाफेकीची पात्रता होती ८३ मीटर आणि मुदत ११ जुलै. नीरज चोप्राची तोवरची सर्वोत्तम फेक ८२.२३. सत्त्याहत्तर सेंटिमीटर कमी. मुदत टळल्यावर बारा दिवसांनी, २३ जुलैला पोलंडमधल्या बिद्गोश्च गावी, याच कनिष्ठ स्पर्धेत अठरा वर्षांच्या नीरजनं भाला ८६.४८ मीटरवर टाकला. कनिष्ठ गटाचा विश्वविक्रम. रिओत पुढच्या महिन्यात कांस्यपदक गेलं ते ८५.३८ मीटरला. ही तुलना इथे चालते, कारण भाला तोच असतो. कनिष्ठ मुलांचा गोळा सहा किलोचा, मोठ्यांचा ७.२६ किलोचा, अडथळेही मुलांसाठी थोडे बुटके. पण भाला मात्र दोन्हीकडे ८०० ग्रॅमचाच.

नीरजच्या बाबतीत ‘पुढे काय झालं’ हे विचारायची गरज कुणाला पडत नाही. म्हणून मी त्या स्पर्धेची दुसरीच बाजू सांगते. बिद्गोश्चला तिसरा आला होता ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स. तो नंतर दोनदा विश्वविजेता झाला. आणि त्याच स्पर्धेत पात्रता फेरीतच बाहेर पडलेला एक मुलगा होता, पाकिस्तानचा अर्शद नदीम. अंतिम फेरीत नीरज विक्रम करत होता तेव्हा अर्शदची स्पर्धा संपलेली होती. आठ वर्षांनी, ८ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये हे तिघं पुन्हा एका मैदानात आले. पीटर्स कांस्य, नीरज रौप्य, आणि अर्शद ९२.९७ मीटरचा ऑलिंपिक विक्रम करून सुवर्ण. बिद्गोश्चच्या त्या पात्रता फेरीत, संपल्यावर सामान आवरणाऱ्या अर्शदकडे पाहून कुणी काय भाकीत केलं असतं? मला वाटतं, कुणी त्याच्याकडे पाहिलंच नसेल.

पण मग ही गोष्ट माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते का, असाही विचार मनात आला. अर्शदची गोष्ट गोड लागते ती पुढे काहीतरी झालं म्हणूनच ना? खरं आहे. मीही त्या मोहातून सुटलेली नाही. फक्त एवढंच वाटतं, की पॅरिस घडलं नसतं तरी बिद्गोश्चच्या पात्रता फेरीत उभा असलेला एकोणीस वर्षांचा अर्शद तितकाच खरा होता.

सगळ्यांत जास्त मी रेंगाळते ती नैरोबीतल्या एका सेंटिमीटरवर. २२ ऑगस्ट २०२१. नीरजच्या टोकियोतल्या सुवर्णाला पंधरा दिवस झाले होते, देश अजून त्याच आनंदात होता. नैरोबीत मुलींच्या लांब उडीची अंतिम फेरी. झाशीची शैली सिंग, वय सतरा, आईनं शिवणकाम करून वाढवलेली, लांब उडीपटू अंजू बॉबी जॉर्ज आणि त्यांचे पती रॉबर्ट यांच्या हाताखाली तयार झालेली. तिसऱ्या उडीत ती ६.५९ मीटरवर पोचली आणि सगळ्यांच्या पुढे गेली. चौथ्या फेरीत स्वीडनची माया ओस्काग ६.६० मीटरवर उतरली. शैलीच्या पुढच्या उड्यांना ते अंतर ओलांडता आलं नाही. रौप्य.

एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाची रुंदी. लांब उडीत हे एवढंसं अंतर कुठे कुठे हरवतं, ते पाहिलं की जीव कासावीस होतो. उडी मोजतात ती, जिच्यावरून झेप घेतात त्या फळीच्या पुढच्या कडेपासून, उडी मारणारीच्या पायाच्या टोकापासून नव्हे. म्हणजे फळीच्या कडेआधी पाच सेंटिमीटरवर पाय पडला, तर ते पाच सेंटिमीटर तुम्ही हवेतून कापलेले असतात, पण हिशेबात धरले जात नाहीत. पाय कडेपलीकडे गेला तर सगळीच उडी बाद. वाळूत फळीच्या सगळ्यांत जवळची जी खूण असेल, तिथपर्यंत माप. पाय पुढे पडले आणि हात मागे टेकला, तर हाताची खूण धरायची. आणि शेवटी, मापात पूर्ण सेंटिमीटरच्या वर जे मिलिमीटर असतील ते सोडून द्यायचे. ६.५९९ मीटर आलं तरी फलकावर ६.५९च लागतं. धावत येण्याचे अठरा-वीस टप्पे, त्यातला एक टप्पा नखभर आखूड, आणि सुवर्णाचं रौप्य होतं.

शैलीची ती उडी मी अनेकदा थांबवून थांबवून पाहिली. फळीवर किती जागा उरली हे शोधायला नव्हे, ती हवेत असतानाचा चेहरा पाहायला. डोळे मोठे उघडलेले, तोंड किंचित उघडं. त्या क्षणी तिला ६.५९ माहीत नाही, ओस्कागची पुढची उडी माहीत नाही. ती फक्त हवेत आहे.

त्याच स्पर्धेत दहा हजार मीटर चालण्याच्या शर्यतीत अमित खत्री बराच वेळ पुढे होता, शेवटी शेवटी पाण्याच्या टेबलाशी थबकला आणि केनियाचा वॉनयोनी पुढे निसटला. सात सेकंदांनी रौप्य. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळपास अठराशे मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत घशाला कोरड पडली की पाण्यासाठी थांबणं काय असतं, ते चाललेल्यालाच माहीत. पुढच्या वर्षी कोलंबियातल्या कालीमध्ये मेरठकडच्या शेतकरी घरातल्या रूपल चौधरीनं तीन दिवसांत चारदा चारशे मीटर धावून रिलेचं रौप्य आणि वैयक्तिक कांस्य आणलं. चारदा! एकदा धावल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं.

भारताच्या बाबतीत या स्पर्धेची सुरुवातीची आठवण मात्र कडू आहे. २००० साली चिलीतल्या सान्तियागोला सतरा वर्षांच्या सीमा अंतिलनं थाळीफेकीत सुवर्ण जिंकलं आणि मग स्यूडोएफेड्रिन सापडलं म्हणून ते काढून घेतलं गेलं. सर्दीच्या औषधांत असणारं द्रव्य. त्या वयात पदक परत देणं, आणि त्याबरोबर संशयाची नजर झेलणं, यातून माणूस कसा उभा राहतो, मला सांगता येत नाही. ती राहिली. दोन वर्षांनी किंग्स्टनला ती पुन्हा याच स्पर्धेत उतरली आणि कांस्यपदक घेऊन आली. नंतर सीमा पुनिया या नावानं ती चार ऑलिंपिक खेळली, राष्ट्रकुल स्पर्धांत चार पदकं मिळवली, आशियाई सुवर्ण मिळवलं, आणि २०२३ मध्ये हांगझोला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आशियाई कांस्य. पण मला तिचं सगळ्यांत धाडसाचं पदक किंग्स्टनचं वाटतं. एकोणीस वर्षंही पूर्ण नव्हती तिला, आणि जिथे अपमान झाला त्याच दारातून ती पुन्हा आत गेली.

किंग्स्टनला २००२ मध्ये आणखी एक मुलगा धावत होता. यजमान जमैकाचा, पंधरा वर्षांचा, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत घाबरलेला. घरच्या प्रेक्षकांचा आवाज ऐकून तो इतका गोंधळला की त्यानं बूट उलटसुलट पायांत घातले, असं त्यानंच नंतर सांगितलं आहे. बूट नीट करून तो दोनशे मीटर धावला, २०.६१ सेकंदांत जिंकला. उसेन बोल्ट. इतक्या लहान वयात ही स्पर्धा जिंकणारा तोवर कुणी मुलगा झाला नव्हता. दोन वर्षांनी अथेन्स ऑलिंपिकमध्ये दुखापत घेऊन धावला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. मला खात्री आहे, तेव्हा त्याच्याबद्दलही कुणीतरी आवाज खाली आणून ‘अच्छा’ म्हटलं असणार.

अलीकडे मी या स्पर्धेची सकाळची सत्रं पाहते. पूर्वी फक्त अंतिम फेऱ्या पाहायचे. सकाळी प्रेक्षागृह बहुतेक रिकामं असतं, ऊन तिरपं असतं, समालोचकही अजून आवाज राखून बोलत असतो. प्राथमिक फेऱ्या एकामागून एक निघतात. कॉल रूममधून, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंना बसवून ठेवतात त्या खोलीतून, मुली रांगेनं बाहेर येतात. फोन आत नेता येत नाही, स्पाइक्स तपासलेले, नंबर टाचलेले. त्या वयात फोनशिवाय बसून वाट पाहणं, तेही आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या शर्यतीआधी. आपापल्या ब्लॉकमागे एकेक प्लास्टिकची टोपली ठेवलेली असते. तिच्यात ट्रॅकसूट काढून टाकायचा, बाटली टाकायची. कुणी घडी घालून ठेवतं, कुणी चुरगळून. शर्यत सुटायच्या आधी स्वयंसेवक येतात आणि त्या टोपल्या उचलून घेऊन जातात.

मागच्या वेळी एका प्राथमिक फेरीत चारशे मीटरला एक मुलगी शेवटून दुसरी आली. कुठल्या देशाची, ते पट्टीवर झर्रकन येऊन गेलं. पुढच्या फेरीत जाण्याचा प्रश्नच नव्हता. कॅमेरा पहिलीवर गेला आणि मग पुन्हा मोठ्या चौकटीत आला, म्हणून ती कोपऱ्यात दिसत राहिली. गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. मग सरळ झाली आणि मान वर करून तिनं फलकाकडे पाहिलं. तिच्या नावापुढे वेळ आणि वेळेपुढे दोन अक्षरं होती, पी. बी. आयुष्यातली तिची सर्वोत्तम वेळ. तिनं तोंडावर हात ठेवला. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून तिनं वळून शेजारच्या लेनमधल्या, तिच्यासारख्याच बाहेर पडलेल्या मुलीला फलक दाखवला. बोट करून. ती मुलगी धापा टाकत होती, तरी तिनं पाहिलं, हसली, आणि दोघींनी एकमेकींच्या घामेजल्या खांद्यांवर हात टाकले. मग त्या आपापल्या टोपल्या शोधायला गेल्या.